वीस लिटरचा टँक, दोन मेलेले गोल्डफिश आणि बांयचं पाणी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. म्हापशाला फ्लॅट, हॉलच्या खिडकीपाशी २० लिटरचा काचेचा टँक, मुलीच्या वाढदिवसाला कुणी तरी दिलेला. त्यात रंगीत खडे, प्लास्टिकची झाडं आणि तीन गोल्डफिश. दर रविवारी तुम्ही सगळं पाणी ओतून देता, खडे नळाखाली घासता, टँक लख्ख करून परत भरता. तरी मंगळवारी पाणी दुधाळ, शुक्रवारी काच हिरवी, आणि तीनातले दोन मासे गेले. आता प्लास्टिक काढून खरी झाडं लावायची आहेत. एवढ्याशा जागेत ते जमेल का, आणि पाणी नळाचं घ्यावं की वाळपईला माहेरच्या बांयचं (विहिरीचं), हे तुम्हाला विचारायचंय.

जमेल. मी अठरा वर्षं हेच करतोय. घरी फोंड्याला आत्ता पाच छोटे टँक आहेत, सर्वांत लहान १२ लिटरचा. शेजारची काकी अजून येता-जाता ऐकवते, "नुस्तें हुमणांत बरें, कांचेंत कित्याक?" म्हणजे मासे आमटीत बरे, काचेत कशाला? पण आली की पंधरा मिनिटं त्याच काचेसमोर बसते.

आधी मासे का गेले ते बघू. तुम्ही आळस केलात म्हणून नाही, उलट फार मेहनत केलीत म्हणून गेले. मासा पाण्यात अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो, आणि तो माशाला विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी, आणि झाडांना तर खतच. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते खड्यांवर, काचेवर, फिल्टरच्या स्पंजावर चिकटून राहतात. नव्या टँकमध्ये त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही ती वस्ती दर रविवारी क्लोरीनच्या पाण्याने घासून काढलीत. म्हणजे तुमचा टँक कितीही जुना असला तरी दर सोमवारी तो नवाच होता. मंगळवारचा दुधाळपणा म्हणजे रिकाम्या जागेत एकदम वाढलेले दुसरे जिवाणू. त्यावर गोल्डफिश! हा मासा वीतभर वाढतो, खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो. २० लिटरमध्ये एकसुद्धा ठेवू नये, मग दुकानदार काहीही सांगो.

लहान टँक सोपा असतो हा समज दुकानातूनच निघतो. प्रत्यक्षात उलट आहे. दोनशे लिटरमध्ये चिमूटभर खाणं जास्त पडलं तर कुणाला कळतही नाही, वीस लिटरमध्ये तेच दुसऱ्या दिवशी वासाने कळतं. पाणी कमी म्हणून तापतं लवकर, आटतं लवकर, बिघडतंही लवकर. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे, आणि पुढे जे लिहितोय ते सगळं त्याचाच विस्तार. हा टँक माशांचं घर समजू नका, कुंडी समजा. पाण्याखालची कुंडी. झाडं आधी, भरपूर, पहिल्या दिवसापासून. मासे सर्वांत शेवटी, आणि इतके कमी की पाहुण्यांनी विचारावं, "अजून आणायचे आहेत ना?"

आता पाणी. यावर जरा जास्त लिहितो, कारण गोव्यात लोक इथेच फसतात. परगावचे व्हिडिओ बघून शिकायचं आणि आपलं पाणी वेगळंच निघायचं.

आपली जमीन चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. लॅटराइट हे नाव बुकॅनन नावाच्या स्कॉटिश सर्वेक्षकाने १८०७ मध्ये केरळातल्या अंगाडीपुरमला याच दगडाला दिलं, लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. लाखो वर्षांच्या पावसाने या दगडातला चुना धुऊन नेलाय, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलंय. म्हणून चिऱ्यातून झिरपलेलं बांयचं पाणी मऊ असतं, त्यात कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम कमी, आणि बहुतेक वेळा ते थोडं आम्लधर्मी असतं. चहा छान होतो, साबणाला फेस भरपूर येतो. झाडांनाही असं पाणी आवडतं. पण त्यात सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किती अल्क त्याचं माप) धरून ठेवणारी ताकद नसते. तिला आम्ही केएच म्हणतो, कार्बोनेटांची कठीणता. वर सांगितलेले जिवाणू काम करताना हीच कार्बोनेटं खातात. ती संपली की सामू घसरतो, सामू सहाच्या खाली गेला की जिवाणूंचंच काम मंदावतं. वरून पाणी अगदी स्वच्छ दिसतं आणि आत कारखाना बंद पडलेला असतो.

हे मी गोगलगायींमुळे शिकलो. सुरुवातीच्या काळात नेराइट जातीच्या सहा गोगलगायी आणल्या होत्या. काच साफ करायला त्यांच्यासारखं कुणी नाही, आणि नुसत्या गोड्या पाण्यात त्यांची पिल्लं जगत नाहीत, त्यामुळे संख्याही वाढत नाही. तीनेक महिन्यांनी एकीच्या पाठीवर खडूसारखा पांढरा ठिपका दिसला. मला वाटलं रोग. मग तो ठिपका खड्डा झाला, बाकीच्यांच्याही शंखांची टोकं झिजायला लागली. औषध शोधत होतो. शेवटी एक जुना माशांचा नादी माणूस घरी आला, गोगलगाय बोटावर घेऊन बघितली आणि म्हणाला, "हिचं घर विरघळतंय रे, पाण्याला चुना हवाय." त्या रात्री योगायोगाने घरी तिसऱ्यांचं सुकं होतं. ताटातल्या शिंपल्या घेतल्या, घासल्या, मीठ-मसाला जाईपर्यंत दोनदा उकळल्या, उन्हात वाळवल्या आणि आठ-दहा कुटून जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरशेजारी ठेवल्या. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्लाकडे झुकलं की तो हळूहळू विरघळतो, सामू वर आला की विरघळणं आपोआप मंदावतं. झिजलेला शंख भरून आला नाही, पण नवीन वाढ गुळगुळीत आली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक टँकमध्ये तिसऱ्यांची पुरचुंडी असते.

तर वाळपईच्या बांयचं पाणी वापरा म्हणेन, जर दर आठवड्याला पाच लिटरचा कॅन आणायची सोय असेल तरच. कधी बांयचं, कधी नळाचं असं करू नका. माशांना मऊ पाणी चालतं, कठीणही चालतं, पण आज हे उद्या ते चालत नाही. आणि बांय समुद्राजवळ किंवा खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल खाऱ्या शेतजमिनीच्या) कडेला असेल तर ती या कामाला बाद, उन्हाळ्यात तिच्यात खार चढतो. वाळपईला तो प्रश्न नाही.

नळाचं पाणीही चांगलं चालतं. त्यात क्लोरीन असतो एवढंच. बादलीत चोवीस तास उघडं ठेवलं की क्लोरीन बराचसा उडून जातो, पण बादलीवर जुनी साडी बांधा, नाही तर डासांची पैदास होईल आणि आरोग्य खात्याची माणसं तपासणीला आली की बोलणी खाल. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचं क्लोरीनमारक मिळतं, बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला. पूर्वी फोटो स्टुडिओत निगेटिव्ह पक्की करायला जो 'हायपो' वापरत तोच हा. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ येतं, शुद्धीकरणात मात्रा वाढते, नळाला कधी कधी उग्र वास येतो. तशा दिवशी पाणी बदलूच नका, दोन दिवस थांबा.

एक साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणि थेंबांचं टेस्ट किट घ्या. अमोनिया, नायट्राइट, सामू आणि केएच एवढं तपासता आलं की पुरे. पहिला मासा घेण्याआधी हे घ्या. मीटर बाकी काही सांगत नसला तरी "गेल्या आठवड्यापेक्षा काही बदललंय" एवढं नक्की सांगतो. माझ्या बांयचा आकडा जुलैत पन्नाशीच्या खाली असतो आणि मे महिन्यात जवळजवळ दुप्पट. बांय तीच, पाणी वेगळं.

जागा बदला. खिडकीतलं ऊन म्हणजे शेवाळाला आमंत्रण, आणि दुपारी पाणी तापतं ते वेगळं. तुमचा टँक वाळू-दगड-पाण्यासकट तीस किलोच्या आसपास भरेल, तेव्हा हलत्या टीपॉयवर नको. फ्रीजवरही नको. खाली थर्माकोलचा पातळ तुकडा घाला, म्हणजे पृष्ठभागाचा बारीक उंचसखलपणा काचेला लागत नाही.

रंगीत खडे फेकून द्या. तळाशी दोन सेंटिमीटर माती, वर तीन सेंटिमीटर वाळू. ४० बाय २५ सेंटिमीटरच्या टँकला दोन लिटर माती आणि साधारण पाच किलो वाळू पुरते. तयार 'ॲक्वा सॉइल' मिळते, ती चांगली आहे, महाग आहे, आणि पहिले काही आठवडे तीही अमोनिया सोडते. मी परसातलीच माती वापरतो. शेणखत, रासायनिक खत न पडलेली. बादलीत भिजवायची, वर तरंगेल तो पाचोळा काढून टाकायचा, पाणी ओतायचं, असं तीन-चार वेळा. मग मूठभर लाल चिऱ्याची माती मिसळायची, झाडांना लोह मिळतं. आपण जी रस्त्यावर उडते म्हणून शिव्या देतो ती लाल माती एके काळी जर्मनीतले ॲक्वेरियमवाले पाकिटातून विकत घेऊन तळात घालत. वाळू बांधकामाची चालेल, तांदूळ धुतो तशी निवळ पाणी येईपर्यंत धुवा. किनाऱ्यावरची मात्र नको. तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुराही. पुरचुंडी आपण मोजून घालतो आणि काढूनही घेतो, तळात पसरलेला चुरा काढता येत नाही. शंका आली तर वाळूवर किंवा दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसलं की त्यात चुना आहे. चिरा फसफसत नाही. चिऱ्याचा खरबरीत तुकडा दिसायलाही सुरेख, मॉस त्याच्या भोकांत छान धरतं. फक्त लाल पाणी सुटणं थांबेपर्यंत ब्रशने घासा.

मांडणीबद्दल मी काही शिकवणार नाही, मुलीला करू द्या. तुमचं कुणी लिस्बनला असेल, आणि आपल्या बारदेश तालुक्यातल्या बऱ्याच जणांचं असतं, तर तिथल्या ओशनारिओ या मत्स्यालयात जाऊन फोटो पाठवायला सांगा. ताकाशी अमानो या जपानी कलाकाराने २०१५ मध्ये तिथे चाळीस मीटर लांबीचा जलउद्यानाचा टँक उभा केला, एक लाख साठ हजार लिटरचा. त्याच वर्षी तो वारला. तुमच्या टँकसारखे आठ हजार टँक त्यात मावतील. पण मोठा दगड मधोमध न ठेवता जरा एका अंगाला, मागे उंच झाडं, पुढे मोकळी वाळू, हे नियम दोन्हीकडे तेच.

झाडं कोणती? पहिल्या टँकला हट्टी झाडं घ्या, नाजूक नकोत. अनुबियास आणि जावा फर्न ही दोन मंद उजेडात वाढतात, मातीही लागत नाही. यांचं आडवं खोड वाळूत पुरलंत की ते कुजतं, नवीन माणसाची ही हमखास चूक. दोऱ्याने दगडाला किंवा उकळलेल्या करवंटीला बांधा. क्रिप्टोकोरीन मातीत लावा. तिच्या काही जाती आपल्या पश्चिम घाटातल्याच आहेत. ही रुसणारी बाई आहे. जागा बदलली की आठ-दहा दिवसांत सगळी पानं विरघळून बुळबुळीत होतात. लोक "मेली" म्हणून उपटून टाकतात. उपटू नका, कुजलेली पानं तेवढी काढा, मूळ जिवंत असतं आणि तीन-चार आठवड्यांनी नवा कोंब येतो. मागच्या बाजूला हायग्रोफिला, रोटाला, आणि ब्राह्मी. हो, तीच औषधातली नीरब्राह्मी, बाकोपा. पाण्याखाली ती सरळ काठीसारखी वाढते. पृष्ठभागावर थोडं साल्विनिया सोडा, ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं म्हणून झपाट्याने वाढतं आणि पाण्यातला अमोनिया ओढून घेतं. दर आठवड्याला निम्मं काढावं लागेल. ते कुंडीतल्या मातीत पुरा. ओहोळात, तळ्यात, गटारात टाकू नका. साल्विनिया आणि जलपर्णीने कुठल्या तळ्यांची काय अवस्था केलीय ते आपण बघतोच. आणि उलटंही करू नका, म्हणजे मोले किंवा बोंडल्याच्या अभयारण्यातून "एकच रोप" उपटून आणू नका. तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

रोपं आणली की तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास बुडवून मग स्वच्छ धुवा, गोगलगायींची अंडी कमी होतात.

लावणी अशी करा. टँकमध्ये वाळूच्या वर जेमतेम बोटभर पाणी ठेवा, कोरड्यात लावलं तर पानं सुकतात आणि भरलेल्यात लावलं तर सगळं तरंगतं. ब्राह्मीची जुडी सोडवून एकेक काडी वेगळी करा. खालच्या दोन पेरांची पानं काढा. लांब चिमट्याने काडीचं टोक धरा, पानांखाली, घट्ट पण चिरडेल असं नाही. चिमटा तिरका घालून वाळूत दोन पेरं जातील एवढा खुपसा, मग चिमट्याची टोकं वाळूतच किंचित उघडा, थोडं हलवा आणि तिरकाच बाहेर काढा. सरळ वर ओढलात तर काडी बरोबर येते. पहिल्या दहा काड्यांतल्या सहा वर येतील, त्याचं मनावर घेऊ नका. दोन काड्यांत बोटभर अंतर. तळाचा दोनतृतीयांश भाग पहिल्याच दिवशी झाडांनी भरला पाहिजे. इथे कंजूषपणा केलात की जे खत झाडं घेणार होती ते शेवाळ घेतं. मग वाळूवर बशी उपडी ठेवा आणि तिच्यावर मगाने हळूहळू पाणी सोडा. धो धो ओतलंत तर खालची माती वर येईल आणि सगळा टँक उसाच्या रसासारखा दिसेल.

दिव्याला आठ-दहा वॅटचा पांढरा एलईडी पुरतो, ६५०० केल्व्हिनचा. खरं शहाणपण म्हणजे टायमर. दिवसाला सहा तास, दुपारी चार ते रात्री दहा, म्हणजे घरची माणसं असतात तेव्हाच टँक उजळलेला. आठ तासांवर जाऊ नका. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर या झाडांना नको. साखर आणि यीस्टची बाटली तर आपल्या उकाड्यात एवढी जोरात उसळते की रात्रीत मासे गुदमरतील. द्रवखत महिनाभराने सुरू करा, लिहिलेल्या मात्रेच्या अर्ध्यावर. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर पोटॅशियम कमी, नवी पानं फिकट आणि शिरा हिरव्या तर लोह कमी. सगळं उत्तम चाललं असेल तर एखाद्या संध्याकाळी दिवा लागून तीन-चार तास झाल्यावर पानांच्या कडेने बारीक बुडबुड्यांच्या माळा वर जाताना दिसतील. नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी पाहिली असेल तर तसंच, फक्त इथे ते झाडांनी सोडलेल्या प्राणवायूचे.

फिल्टर म्हणून एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर घ्या. तो लहान माशांना ओढून घेत नाही. स्पंज महिन्यातून एकदा, आणि टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोनदा दाबायचा. नळाखाली कधीही नाही.

आणि मग थांबा. सहा आठवडे. या काळात दोन दिवसांआड चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहा, जिवाणूंना काम मिळावं म्हणून. पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ होईल. त्यासाठी वेगळं काही करू नका. तिसऱ्या आठवड्यात पानांवर, काचेवर तपकिरी भुकटी बसेल. ती बोटाने पुसली जाते, महिन्याभरात आपली आपण जाते. मातीचा टँक असल्यामुळे पहिले दोन आठवडे एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदला, नंतर आठवड्यातून एकदा. किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट आठवडाभर शून्य दिसले की मासे. मुलीला धीर धरवत नसेल तर तिला वहीत रोज पानं मोजायला लावा. माझ्या भाचीने तसं केलं होतं. माझ्या नोंदीपेक्षा तिची वही जास्त उपयोगी निघाली.

मासे निवडताना पाण्याकडे बघा. बांयच्या मऊ पाण्यात बोरारास जातीचे इवलेसे रासबोरा खुलतात, बोर्निओच्या दलदलीतले, नखाएवढे, लाल. सहा ते आठ. नाही तर एकच नर बेटा, म्हणजे फायटर मासा, आणि त्याच्यासाठी देशी बदामाची गळून वाळलेली दोन पानं, पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि त्याला ते आवडतं. दोन नर एकत्र कधीच नको. नळाच्या पाण्यावर जाणार असाल आणि केएच बरा असेल तर चेरी कोळंबी ठेवा, दहा घ्या, सहा महिन्यांत पन्नास होतील. हिला पूर्ण मऊ पाण्यात कात टाकता येत नाही. गप्पी मलाही आवडतात, पण २० लिटरमध्ये त्यांचा जन्मदर कुणाला आवरत नाही.

खाणं दिवसातून एकदा, मिनिटभरात संपेल एवढं. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं असं आम्ही सांगतो. रविवारी उपास. मुलांना हे पटत नाही, म्हणून खाण्याची डबी वरच्या फळीवर ठेवा.

दर शनिवारी चार-पाच लिटर पाणी नळीने काढा, तेवढंच त्याच तापमानाचं भरा, काच पुसा, वाढलेल्या काड्या छाटा. अर्ध्या तासाचं काम.

एप्रिल-मे जड जातात. खोलीत ३२-३३ अंश झालं की पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशाला लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या वर असतो, ३२ ला सातच्या जरा वर. आणि माशाला उकाड्यात उलट जास्त लागतो. झाकण काढून वरून छोटा पंखा सोडला की पाणी थोडं उतरतं. पुण्यात हाच पंखा जास्त काम करतो, आपल्या दमट हवेत एक-दोन अंशांवर समाधान माना. आटलेल्या पाण्याच्या जागी मात्र शक्य तितकं क्षारमुक्त पाणी घाला, घरच्या आरओचं चालेल. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. हीटर घेऊ नका.

पावसाळ्यात वीज जाणार हे धरून चाला. झाडं भरपूर आणि मासे मोजके असतील तर चार-पाच तास काही होत नाही. त्याहून लांबलं तर पेल्याने पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत ओता, दहा-पंधरा वेळा, तासातासाने. बॅटरीवर चालणारा लहान एअर पंप मिळतो, तो घेऊन ठेवलात तर झोप लागेल. पण पंप कुठे ठेवता ते बघा. एका चवथीला (गणेश चतुर्थीला) आम्ही सगळे मूळ घरी गेलो होतो. माझा पंप टँकच्या खालच्या फळीवर. रात्री वीज गेली, पंप थांबला आणि नळीतून पाणी उलटं वाहायला लागलं. दुसऱ्या दिवशी आलो तर पंपात पाणी, फळीवर पाणी, भिंतीशी ठेवलेले माटोळीचे (गणपतीवर फळं-पानं टांगायच्या चौकटीचे) जुने लाकडी दांडे भिजलेले, आणि टँक अर्धा. बेटा उरलेल्या पाण्यात माझ्याकडे बघत होता. तेव्हापासून पंप पाण्याच्या पातळीच्या वरच, आणि नळीत एकदिशा झडप. ती शेंगदाण्याएवढी असते, बसवताना तोंड कुठल्या बाजूला ते फुंकून बघा.

आणि डास. खोलीत, भिंतीवर मारायचे फवारे, लिक्विडच्या मशीन यांत पायरेथ्रॉइड नावाचं कीटकनाशक असतं. माणसाला त्याचं फारसं काही वाटत नाही, माशांना आणि त्याहून कोळंबीला ते प्राणघातक. एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो हे लक्षात ठेवा. हॉलमध्ये फवारा नको. डेंग्यूच्या दिवसांत बाहेर फॉगिंगची गाडी आली की खिडक्या लावा, पंप बंद करा, टँकवर ओला टॉवेल टाका, तासाभराने सगळं उघडा. चवथीला चार दिवस जात असाल तर माशांना उपाशी राहू द्या. शेजाऱ्याला खाणं घालायला सांगू नका. शेजारी प्रेमाने घालतो आणि आपण आल्यावर पाणी बदलत बसतो.

राहिला तुमचा तिसरा गोल्डफिश. त्याला या नव्या टँकमध्ये परत घालू नका, तो पहिल्याच दिवशी सगळी ब्राह्मी उपटेल. घरातला सर्वांत मोठा प्लास्टिकचा टब घ्या, पन्नास लिटरचा तरी, साबण न लागलेला. क्लोरीन उडालेलं पाणी भरा, स्पंज फिल्टर लावा, वर जाळी घाला कारण तो उडी मारतो. दर दोन दिवसांनी चौथा हिस्सा पाणी बदला. तेवढ्यात कुणाच्या बागेत टाकं असेल तर विचारा, बारदेशातल्या जुन्या घरांत अजून सापडतात. मिळालं नाही तर दुकानदाराला परत द्या, बरेच जण घेतात. अस्नोड्याच्या नदीत किंवा माहेरच्या बांयत मात्र सोडू नका. आणि टबातला स्पंज तिथेच चालू राहू द्या. तो महिन्याभरात जिवाणूंनी भरेल. गोल्डफिश दुसऱ्या कुणाला दिला की त्या दिवशी तसाच ओला उचलून नव्या टँकमध्ये लावा, तुमचे सहा आठवडे कदाचित चारच होतील.